तन्वीच्या रविवारांसाठी रिसीव्हर

स्नेहलतागंज, इंदूर
३ नोव्हेंबर २०२४

चि. अमिता,

देवेंद्रमामाचे आशीर्वाद. घरी सगळे धडधाकट आहेत हे आधी सांगतो, नाहीतर पाकीट बघून तू आधी फोनच लावशील. चौतीस वर्षं रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये दुसऱ्यांची पत्रं लावण्यात गेली, आता स्वतःची टाकायची हौस भागवतोय. शिवाय फोनवर बोललो तर तुझी वसुंधरामामी कान देऊन ऐकते आणि हे काम तूर्त तिच्यापासून लपवायचं आहे.

काम असं. तू पुण्यात लोकांच्या घरी सिनेमाच्या खोल्या बसवून देतेस, तर मला एक रिसीव्हर निवडून दे. टीव्ही, गेम, गाणी सगळं ज्या डब्यात येऊन पडतं आणि तिथून स्पीकरांना वाटलं जातं, तो. म्हणजे आमचं सॉर्टिंगच, फक्त आवाजाचं. गिऱ्हाइकं तीन. नात तन्वी, तिला गेम, वसुंधरेला गाणं आणि मला सिनेमे. पण खरं गिऱ्हाईक एकच, हे तुला कळलंच असेल.

आमचा समीर आणि सूनबाई सुरुची वेगळे होऊन सहा वर्षं झाली. दोघांचं पटलं नाही, काय करणार. समीर बंगळुरूला रमला. सुरुची महूच्या शाळेत शिकवते आणि तिचा मोठेपणा असा, की एका रविवाराआड अकरा ते पाच नातीला आमच्याकडे पाठवते. आता एप्रिलपासून तिला देहरादूनच्या शाळेत नोकरी लागली आहे. तन्वी अर्थातच बरोबर जाणार. म्हणजे माझ्या हातात दहा-अकरा रविवार उरलेत.

आणि त्या रविवारी होतं काय? चौदा वर्षांची पोरगी येते, वाकून नमस्कार करते, कानावर ते मोठे हेडफोन चढवते आणि दिवाणावर मांडी घालून लॅपटॉपवर गेम खेळते. पाच वाजता उठते. समीरने वाढदिवसाला पाठवलेला, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा सुरुची महूला ठेवू देत नाही म्हणून इथेच आहे, पण तन्वी त्याला हात लावत नाही. मी विचार केला, त्या जुन्या टीव्हीच्या पिचक्या आवाजावर कोण खेळेल? घरात मजा हवी. एकदा खोली दणाणली की पोरगी आपोआप हेडफोन काढेल आणि माझ्याशी दोन शब्द बोलेल.

जेल रोडच्या दुकानदाराने मला नऊ चॅनलचा रिसीव्हर दाखवला. म्हणाला, "अंकलजी, पाँच में क्या मजा, नौ लो भिया, पूरा मोहल्ला हिल जाएगा." तू काय म्हणतेस?

तुझा,
देवेंद्रमामा


पुणे
९ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

पत्र हातात पडल्यावर आधी वासच घेतला, तुझ्या घरातल्या कपाटाचा वास अजून येतो पाकिटाला.

मोहल्ला हलवायचा नाहीये आपल्याला. नऊ चॅनल म्हणजे नऊ स्पीकर. तुमच्या पुढच्या खोलीत ते लावलेस तर माणसं कुठे बसणार? पाच स्पीकर आणि धडधडीसाठी एक सबवूफर, एवढ्यावर तुझं राज्य उत्तम चालेल.

नीट ऐक. गेमसाठी रिसीव्हरने मध्ये वेळ खाता कामा नये. बटण दाबलं की त्याच क्षणी पडद्यावर आणि कानात. त्यासाठी एचडीएमआयचे नवे सॉकेट किती आहेत ते बघायचं, सगळे नवे नसतात. मामीच्या गाण्यासाठी पुढचे दोन स्पीकर चांगले हवेत, रिसीव्हरवर कमी आणि त्यांच्यावर जास्त लक्ष दे. सिनेमासाठी मधला स्पीकर, कारण सगळे संवाद तिथूनच येतात.

खोलीची लांबी-रुंदी कळव. फरशी कसली, पडदे आहेत का, भिंतीला लागून शेजारी आहेत का, आणि कोण कुठे बसतं.

आणि एक. तन्वीला विचारलंस का, तिला काय आवडेल?

तुझी,
अमिता


इंदूर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. अमिता,

खोली बारा बाय चौदा. कोटा फरशी. पडदे आहेत, पण तुझ्या मामीच्या लग्नातल्या साडीएवढे पातळ. तन्वी दिवाणावर, मी आरामखुर्चीत, वसुंधरा स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण गाणं ऐकतानाही तिचा एक डोळा गॅसवर.

भिंतीपलीकडे शेजारी आहेत, पण त्यांची चिंता नको. आमच्या घराच्या मोठ्या आवाजाची त्यांना सवय आहे. समीर-सुरुचीची भांडणं व्हायची तेव्हा मी टीव्हीचा आवाज असा काही चढवायचो, की पलीकडच्या बेबीताई विचारायच्या, "देवेंद्रजी, आज कौन सी पिक्चर है?" तन्वी तेव्हा चार-पाच वर्षांची. तिला मांडीवर घ्यायचो, कार्टून लावायचो, आवाज फुल्ल. आई-बाप आत काय बोलतात याचा एक शब्द पोरीच्या कानावर पडू दिला नाही. घरची गोष्ट चार भिंतींच्या आत राहिली आणि लेकरूही सुखरूप राहिलं. आयुष्यात मी फार काही केलं नसेल, पण तेवढं नीट केलं.

तन्वीला विचारलं नाही. सरप्राइज आहे.

तुझा,
मामा


पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

सोबत कागद जोडला आहे, त्यावर रिसीव्हर आणि स्पीकर लिहिलेत. तोच दुकानदाराला दाखव आणि दुसऱ्या कशालाही हो म्हणू नकोस. कोटा फरशीवर जाड सतरंजी टाक आणि पडदे बदल, नाहीतर आवाज खोलीभर आपटत राहील.

रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. ज्या जागी माणूस बसतं तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. मग रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून सूं सूं असे आवाज काढून खोली मोजतो. आधी मुख्य जागा, मग आजूबाजूच्या. तेवढा वेळ घरात शांतता हवी.

मामा, गेम खेळणारी बरीच मुलं हेडफोनच लावतात. त्यात पावलं कुठून येतात ते नीट कळतं. या रिसीव्हरला पुढे हेडफोनचं भोक आहे. तिला तसं खेळायचं असेल तर खेळू दे. तू नुसता शेजारी बस.

अमिता


इंदूर
१६ डिसेंबर २०२४

चि. अमिता,

रिसीव्हर आला. दुकानाचा माणूस तारा ओढून गेला, पण मोजमाप मी स्वतः केलं. माइक दिवाणावर, तन्वीच्या कानाच्या उंचीवर, खाली दोन उशा आणि तुझ्या मामीची पोथी ठेवून. आजूबाजूच्या जागा मोजल्या नाहीत. आम्हाला कसंही ऐकू आलं तरी चालेल. मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून तीनदा करावं लागलं आणि त्यावरून आमच्या घरात जे झालं ते लिहीत नाही.

काल तन्वी आली. मी गेमचा डबा आधीच जोडून ठेवला होता. तिला दिवाणावर बसवलं आणि म्हटलं, "बेटा, आता गंमत बघ." लढाईचा गेम लावला आणि आवाज चढवला. अमिते, काय सांगू, खिडकीची काच थरथरली. मला वाटलं आता पोरगी हसेल.

ती उठली. आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग गच्चीवर गेली. मला वाटलं फोन आला असेल. तासभर खाली आली नाही म्हणून मी वर गेलो, तर टाकीच्या मागे बसलेली. म्हणाली, "आजोबा, मम्मीला फोन करा ना, मला अभी घर जाना है." दोन वाजता गेली. जेवली नाही.

मी रात्रभर विचार केला. चूक माझीच आहे. तू म्हणालीस म्हणून मी पाच चॅनलवर थांबलो. आजकालची मुलं मॉलमध्ये सिनेमे बघतात, त्यांना हा आवाज किरकोळच वाटणार. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे. मोठा रिसीव्हर आणि दुसरा सबवूफर, दोन्ही लिहून पाठव. रविवार थोडे उरलेत.

मामा


इंदूर
२२ डिसेंबर २०२४

चि. अमिता,

मी वसुंधरा मामी. मला तुझ्या मामासारखं लिहिता येत नाही, तरी लिहिते. फोन केला असता, पण बोलायला लागले की मला रडू येतं आणि मग ते विचारतात काय झालं.

त्यांना दुसरा रिसीव्हर सांगू नकोस.

त्या दिवशी आवाज मोठा झाला तेव्हा तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभी होते. ती चार वर्षांची असताना अशीच बघायची. टीव्ही मोठा झाला की तिला कळायचं, आत सुरू झालं. हे कार्टून लावायचे आणि ती कार्टून बघायचीच नाही, दाराकडे बघत बसायची. यांच्या मांडीवर असायची म्हणून यांना तिचा चेहरा दिसायचा नाही. मला दिसायचा. पुढे पुढे तर यांनी नुसता रिमोट उचलला तरी ती कानांवर हात ठेवायची. हे म्हणायचे, बघ कशी नाटकं करते.

मी तरी काय केलं. कणीक मळत राहिले.

यांना वाटतं की त्यांनी पोरीला वाचवलं. सहा वर्षं ते याच एका गोष्टीवर बरे आहेत. मला सांगवत नाही. तू सांग. तुझं ऐकतील. आज ठरलेला रविवार नव्हता, तरी हे अकरा वाजता फाटकाशी जाऊन उभे राहिले होते.

वसुंधरामामी


पुणे
२ जानेवारी २०२५

ती. मामा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मोठा रिसीव्हर घेऊ नकोस. तन्वीला आवाज कमी पडला नाही. तिला त्या आवाजाची भीती वाटते. लहानपणी तुझ्या घरात टीव्ही मोठा झाला की त्याचा अर्थ एकच होता, आई-बाबांचं भांडण सुरू झालं. तू तिला ऐकू येऊ नये म्हणून आवाज वाढवायचास आणि तिला त्या आवाजावरूनच कळायचं. माझ्या मते ती हेडफोनही त्यासाठीच लावते. तुझ्या घरात आल्यावर काही ऐकू येऊ नये म्हणून.

मला हे कसं कळलं ते विचारू नकोस, पण मी तुझ्यावर रागावून लिहीत नाहीये. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे, तेव्हा आजोबा आजीवर ओरडायला लागले की तू रेडिओ मोठा करायचास आणि मला म्हणायचास, "ऐक, काय मस्त गाणं लागलंय." तुझ्यावर माझा जीव होता. पण मला आजीचं रडणं ऐकू यायचं, मामा. रेडिओखालूनसुद्धा ऐकू यायचं. ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू एवढ्या मनापासून गाणं म्हणत असायचास.

आपल्या घराची ही रीतच होती. भांडण थांबवायचं नाही, आवाज वाढवायचा. तू ती आजोबांच्या काळात शिकलास.

तन्वीला फोन कर. रिसीव्हर, गेम, काही नाही म्हणावं, नुसती ये.

अमिता


इंदूर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. अमिता,

सात आठवडे उत्तर दिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तुझा फार राग आला होता. तुझं पत्र मी गादीखाली ठेवलं आणि वसुंधरेशीही बोललो नाही. ती का रडते हे विचारलंही नाही. तन्वी जानेवारीत आली नाही. परीक्षा आहे असं सुरुचीने कळवलं.

मग परवा महूची बस पकडली. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. सुरुची दचकली, पण तिने मला समोरच्या चहाच्या दुकानात नेऊन बसवलं. मी म्हटलं, अमिता असं असं लिहिते, माझ्यामुळे पोरगी घाबरली, मला माफ कर. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या बाबा.

तिने कप हातात फिरवला. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आवाज वाढवायचात ना, तेव्हा समीरला कळायचं की आता बाहेर काही ऐकू जाणार नाही. तोपर्यंत तो नुसता बोलायचा. टीव्ही मोठा झाला की मग हात उठायचा. मला बाहेर टीव्ही सुरू झालेला कळला की मी आधी बांगड्या काढून ठेवायचे, लागू नयेत म्हणून."

चहा तसाच राहिला. मी तिला सांगितलं की टीव्ही एवढा मोठा असायचा, आत काय चाललंय ते मला कळायचंच नाही. भांडतायत एवढंच वाटायचं. त्यावर तिने उठून चहाचे पैसे दिले. बसपर्यंत मात्र सोडायला आली. रविवारी ती तन्वीला कोणासाठी पाठवत होती तेही तेव्हा कळलं. "आईंसाठी," म्हणाली. वसुंधरा तिच्या दंडाला हळद लावायची. हेही मला माहीत नव्हतं.

समीरला फोन केला. तो म्हणाला, जुनं कशाला उकरता. मी फोन ठेवला.

रिसीव्हर बंद आहे. त्याच्यावर कापड टाकलंय.

देवेंद्रमामा


पुणे
४ मार्च २०२५

ती. मामा,

पत्र वाचून मी कामावर गेले नाही. सुरुचीचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आम्हाला सगळ्यांना हेच सांगितलं गेलं की पटलं नाही.

तुला बरं वाटेल असं काही माझ्याकडे नाही. फक्त एवढं सांगते, रिसीव्हर कापडाखाली ठेवू नकोस. मामीला गाणं ऐकू दे. त्याच्या सेटअपमध्ये मॅक्झिमम व्हॉल्यूम नावाची ओळ आहे. तिथे आकडा खाली आणलास की मग कोणी कितीही फिरवलं तरी आवाज त्यापुढे जात नाही. तेवढं कर. आणि माइकने पुन्हा मोजताना मामीच्या दाराशीही एकदा ठेव.

पाडवा या महिन्याअखेर रविवारीच आहे. सुरुची-तन्वीला बोलाव. आल्या नाहीत तर नाही.

अमिता


इंदूर
४ एप्रिल २०२५

चि. अमिता,

पाडव्याला दोघी आल्या. सुरुची सहा वर्षांत पहिल्यांदा उंबरठ्याच्या आत आली. वसुंधरेने तिला धरून ठेवलं आणि दोघी स्वयंपाकघरात बसल्या. श्रीखंड झालं होतं, पुऱ्या सुरुचीने लाटल्या. परवा त्या देहरादूनला गेल्या.

जेवण झाल्यावर मी वसुंधरेचं गाणं लावलं, तू सांगितलेला आकडा खाली आणून. तन्वी दिवाणावर बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, तुमचा लेफ्ट वाला स्पीकर बंद आहे." मला कळलंही नव्हतं. ती टीव्हीच्या मागे शिरली, मीही गुडघे टेकून मागोमाग गेलो. भिंत आणि टेबल यांच्यामध्ये आम्ही दोघं आणि तारांचं जंजाळ. रिसीव्हरच्या पाठीतून एक तार सुटली होती. तन्वी तिचं टोक पिळून नीट करत होती आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं.

"आजोबा, टीव्ही मोठा असायचा तेव्हा तुम्हाला आतलं ऐकू यायचं?"

तिच्या आईला मी चहाच्या दुकानात जे सांगितलं तेच ओठावर आलं होतं. तुलाही मी तेच लिहिलं होतं. ते खोटं होतं, अमिते. पोरगी तार हातात धरून थांबली होती.

मी म्हटलं, "हो. यायचं."

"मम्मीचा आवाज?"

"हो."

"मग?"

मग मी तिला खरं काय ते सांगितलं. मला ऐकू यायचं म्हणूनच मी वाढवायचो. सुरुचीचा आवाज ऐकू आला की एक बटण वर, पुन्हा आला की अजून एक. तो यायचा बंद झाला की थांबायचो. किती वाढवायचं ते मी तिच्या रडण्यावरून ठरवत होतो. तन्वीच्या कानांसाठी म्हणायचो, पण ती तर माझ्याकडे पाठ करून बसलेली असायची, तिला काय ऐकू येतं हे मी कधी पाहिलंच नाही. मोजत होतो ते माझ्या कानांनी. मला ऐकायचं नव्हतं. ऐकू आलं असतं तर उठून दार उघडावं लागलं असतं, आणि आत माझा मुलगा होता.

तन्वीने सगळं ऐकून घेतलं. तार भोकात घातली, स्क्रू फिरवला. डाव्या बाजूने गाणं सुरू झालं. तिने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ती तसं काही म्हणाली नाही. मला हात देऊन उठवलं, माझे गुडघे दुखतात म्हणून. मग स्वयंपाकघरात जाऊन आईच्या शेजारी, अगदी चिकटून बसली आणि निघेपर्यंत तिथून हलली नाही.

मी पुढच्या खोलीतच बसलो. आत तिघी हळूहळू काही बोलत होत्या. मी गाणं बंद केलं आणि पाच वाजेपर्यंत त्यांचं बोलणं ऐकत राहिलो.

तुझा,
देवेंद्रमामा